दुसऱ्या मजल्यावरच्या राज्यपाल

७ नोव्हेंबर, शुक्रवार

"राजभवन से बात कीजिए" असं कानावर पडलं की मी अजून खुर्चीतून उठते. आज भर मीटिंगमध्ये उठले. तीन वर्षं झाली माझ्या नवऱ्याच्या, विजयच्या, बहिणीला राज्यपाल होऊन. त्याला सवय झाली, मला काही होत नाही.

ताईंच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचाय, दिल्लीत. उजव्याने आधीच धूसर दिसतं. ऑपरेशननंतर दोन आठवडे प्रवास नाही. "तुमच्याकडे राहीन म्हणते. तुला चालेल का, सुनंदा?" विजयला नाही, मला विचारलं. चालेल म्हटलं. त्यांच्या त्या डोंगराळ राज्याचं दिल्लीत भवन आहे, त्यात राज्यपालांसाठी वेगळा सूट आहे, गालिचे आहेत. तरी आमचं करोल बाग. तरी दुसरा मजला, लिफ्ट नाही.

विजय खूश. मला धडधड. लग्नात या बाईंनी मला आहेर म्हणून शब्दकोश दिला होता.

८ नोव्हें., शनि.

ताईंचा एडीसी, लष्करातला तरुण कॅप्टन, घर बघायला आला. जिना बघितला, गच्चीचं दार बघितलं, बाथरूमच्या खिडकीतून खाली डोकावला. खालचे सीटकव्हरवाले सरदारजी घाबरून वर आले. "भाभीजी, रेड पड़ी है क्या?" कोण येतंय ते सांगितलं. त्यांनी दुकानासमोरचे फोमचे सगळे गठ्ठे आत घेतले. संध्याकाळपर्यंत गल्ली झाडून, धुऊन लख्ख. मी आपल्याच गल्लीत चप्पल जपून टाकत चालले.

९ नोव्हें., रवि.

ताई आल्या. गाड्यांच्या बंपरांनी भरलेला टेम्पो गल्लीत अडकला होता, ताईंची गाडी आत येईना. पोलिस टेम्पोवाल्यावर ओरडायला लागले तशा ताई सरळ खाली उतरल्या आणि चालत निघाल्या. सुती साडी, पर्स स्वतःच्याच हातात. टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "आराम से निकालिए, काँच टूटेगा." बाल्कन्या भरलेल्या. कोणीतरी विचारलं, कौन हैं? कोणीतरी सांगितलं, गवर्नर की मम्मी. ते ताईंना ऐकू गेलं. जिना चढेपर्यंत हसत होत्या.

पहाऱ्यावरच्या पोलिसांना बसायला खुर्च्या आहेत का, हे घरात पाऊल टाकायच्या आधी विचारलं. नव्हत्या. डायनिंगच्या दोन खाली पाठवल्या. आता आम्ही आळीपाळीने जेवतो.

११ नोव्हें., मंगळ.

ऑपरेशन झालं, छान झालं म्हणतात. डोळ्यावर प्लास्टिकचं झाकण. नवा चष्मा येईपर्यंत वाचायचं नाही, वाकायचं नाही, धुरात जायचं नाही. नोव्हेंबरात, दिल्लीत, धुरात जायचं नाही! आमच्या लेकीने, एस्तेरने, गुरगावहून हवा शुद्ध करायचं यंत्र पाठवलं. ते दिवसभर लाल दिवा लावून घरघरतंय.

जेवताना ताई म्हणाल्या, "आमटी चांगली झालीय." बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं आणि लगेच स्वतःचा राग आला. सत्तावन्नाव्या वर्षी!

१२ नोव्हें., बुध.

दोन आठवडे रजा टाकलीय. कॅप्टन राजभवनातून आलेल्या फायली घेऊन आला. ताई म्हणाल्या, "तू वाचून दाखव. अंडर सेक्रेटरी आहेस, तुला वाचता येतं." कौतुक होतं की काय, कळलं नाही.

सगळ्यात वर विद्यापीठांचं विधेयक. पेपरात वाचलं होतं, पण वरवर. राज्यातल्या सरकारी विद्यापीठांचे कुलपती आजवर राज्यपालच असायचे. या विधेयकाने ते पद मुख्यमंत्र्यांकडे जाणार. म्हणजे ताईंचं काम काढून घेणारं विधेयक, आणि त्याचा कायदा होणार तो ताईंच्याच सहीने.

ते कलम वाचताना मी अडखळले. ताई पलंगावर टेकून बसल्या होत्या, डोळे मिटून.

"पुढे वाच. स्वल्पविरामसुद्धा सांग."

१३ नोव्हें., गुरु.

आज विचारलंच. ताई, तुम्हाला स्वतःला याचं काय वाटतं?

"वाईट वाटतं."

एवढं सरळ उत्तर अपेक्षित नव्हतं. मग बोलत राहिल्या. राज्यपाल म्हणजे बरंचसं काम दुसऱ्याच्या सल्ल्याने. शपथा द्यायच्या, सरकारने लिहिलेलं भाषण 'माझं सरकार' म्हणत वाचायचं, फिती कापायच्या. "ते करायचंच असतं, त्यात कमीपणा नाही. पण जन्मभर वर्गात उभी राहिलेली बाई मी. कुलपती म्हणून हाताला काहीतरी काम होतं गं." निकाल वेळेवर लागायला लागले. वरच्या खोऱ्यातल्या मुलींच्या हॉस्टेलला पाणी नव्हतं, मुली झऱ्यावरून बादल्या आणायच्या. ताई न कळवता तिथे मुक्कामाला गेल्या आणि त्यांच्यातलीच एक बादली मागून घेतली. त्यानंतर पाइप आला.

विधेयक पहिल्यांदा आलं तेव्हा त्यांनी परत पाठवलं होतं, सभागृहाला संदेश म्हणून कारणं सविस्तर लिहून. निवडणूक लढवणारा माणूस कुलपती झाला तर नेमणुकांचं काय होईल, परीक्षांचं काय होईल. विधानसभेने एका दुपारी जसंच्या तसं पुन्हा पास केलं. मुख्यमंत्री सभागृहात म्हणाले, मॅडमना अजून आपण कॉलेजात आहोत असं वाटतं, आमच्या वह्या तपासतात.

"वाक्य मात्र चांगलं होतं," ताई म्हणाल्या.

१५ नोव्हें., शनि.

एस्तेर आली. लेक दिल्लीत वाढलेली. मराठी बोलते, पण मधे मधे भोकं. जेवताना तिचं सुरू झालं.

"आत्या, तू साइनच नको ना करूस. सिंपल."

"पहिल्यांदा आलं तेव्हा परत पाठवता येत होतं. पाठवलं. तेच दुसऱ्यांदा पास होऊन आलं की सही करायची असते. घटनेत लिहिलंय तसं."

"आणि नाही केली तर? जेलमध्ये टाकणार?"

"नाही."

"डेडलाइन आहे?"

"सहीची तारीख लिहिलेली नाही."

"मग बसून राहा ना, यार!"

"बसता येतं," ताई म्हणाल्या. "म्हणून तर अवघड आहे."

एस्तेरला पटलं नाही. मग तिने विचारलं, तुला काढू शकतात का? कधीही, ताई म्हणाल्या. राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत मी. "म्हणजे नोटिस पीरियडपण नाही? आत्या, माझी स्टार्टअप बेटर आहे." विजयला हसून ठसका लागला. मला हसू आलं नाही.

१७ नोव्हें., सोम.

मुख्यमंत्री आले. आमच्या घरी!

दिल्लीत कामाला आले होते, तब्येतीची चौकशी करून जातो म्हणाले. वर येईपर्यंत दम लागलेला. हातातला गुच्छ इतका मोठा की जिन्याच्या वळणावर अडकला. मी पोहे टाकले. आमच्या स्वयंपाकघराला दार नाही, त्यामुळे सगळं ऐकू आलं. ऐकायचं नव्हतं असंही म्हणत नाही.

आधी डोळा, मग थंडी, मग रस्ते. मग आवाज खाली.

"मैडम, वो बिल..."

"जी."

"महिला विश्वविद्यालय आप अपने पास ही रखिए. आपने बहुत मेहनत की है वहाँ. हम बाद में संशोधन ले आएँगे. बस इस हफ़्ते दस्तख़त हो जाएँ."

मी झारा हातात धरून उभी. मनात म्हटलं, घ्या ना ताई, तेवढं तरी राहील तुमच्याकडे.

"मुख्यमंत्रीजी, मेरे संदेश का ये जवाब आपको सदन में देना था. यहाँ, मेरे भाई के घर में, हम दोनों कैसे तय कर लें?"

"मतलब दस्तख़त..."

"जो मेरा काम है वो मैं करूँगी. उसके बदले में कुछ लूँगी नहीं. पोहे लीजिए, सुनंदा ने बनाए हैं."

त्यांनी पोहे दोनदा घेतले. निघताना ताईंच्या पाया पडले. कॅमेरा नव्हता.

ते गेल्यावर मी म्हटलं, सभागृहात एवढं बोलायचं आणि इथे वाकायचं. ताईंना ते आवडलं नाही. "अगं, त्याला लोकांनी निवडलंय. उन्हातान्हात गावोगाव फिरून आलाय तो. मला कोणी निवडलं? एक आदेश निघाला आणि मी जाऊन बसले. हे मला विसरून चालत नाही."

गुच्छ खाली सरदारजींना दिला. त्यांनी काउंटरवर ठेवलाय.

१८ नोव्हें., मंगळ.

सकाळपासून ताई सांगतायत, मी लॅपटॉपवर टाइप करतेय. मला वाटलं राजभवनाचं काही पत्र. तर एकेका विद्यापीठाची माहिती. कुठल्या कुलगुरूंचं ऐकून घ्यावं लागतं, कुठल्यांना पहिल्याच वाक्याला नाही म्हणावं. कुठे प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या. कुठली परीक्षा बर्फ पडायच्या आत उरकायला हवी. वरच्या खोऱ्यातल्या हॉस्टेलचा पाइप डिसेंबरात गोठतो. माणूस नोव्हेंबरातच पाठवावा.

दुपारी बारा-साडेबाराला डोक्यात प्रकाश पडला. हा चार्ज आहे, जाताना पदाचं काम सोपवायचा कागद. ज्याच्या हातात हे सगळं जाणार, त्याच्यासाठी.

"म्हणजे तुमचं ठरलंय, ताई."

"ठरायचं काय होतं त्यात? 'माणूस पाठवावा' झालं का? त्यापुढे लिही, आधी पाणीपुरवठा खात्याला कळवावं, नाहीतर तो माणूस रिकाम्या हाताने परत येतो."

लिहिलं. दोन ओळी चुकल्या. स्क्रीन नीट दिसत नव्हती मला.

आमच्या ऑफिसात बदली झालेला माणूस ड्रॉवरची किल्लीसुद्धा सोबत घेऊन जातो.

२० नोव्हें., गुरु.

वारा सुटलाय, हवा जरा बरी. ताईंनी हट्ट धरला, हिंदूरावला जायचं. रिजवर, हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला, जिथे नर्सेसची क्वार्टर्स होती. सासूबाई तिथे नर्स होत्या. ताई आणि विजय तिथेच वाढले. मला सासूबाई फार थोडी वर्षं लाभल्या.

जागा ओळखू येत नाही आता. माकडं मात्र आहेत. ताई काळ्या चष्म्यातून एकेक दाखवत होत्या.

"विजू, तू त्या भिंतीवरून पडलास."

"पडलो नाही. तू ढकललंस."

"तू पेरू एकटा खात होतास."

एक राज्यपाल, एक रिटायर्ड डायरेक्टर. कॅप्टन बिचारा झाडांकडे बघत राहिला.

ताई मला सांगत होत्या, आईची ड्युटी संपली तरी ती लवकर यायची नाही. पुढच्या नर्सला एकेका पेशंटचं सगळं सांगून मगच निघायची. एका नर्सशी तिचं चांगलंच भांडण होतं, एरवी बोलणं बंद. पण पेशंटचं तिलाही सगळं सांगायची, काहीही न गाळता.

"आणि आपण घरी उपाशी," विजय म्हणाला.

२१ नोव्हें., शुक्र.

विजयला त्याच्या जुन्या साहेबांनी कॉफीला बोलावलं होतं. आता फार मोठ्या खुर्चीत आहेत, नाव लिहीत नाही. विजयने रिटायर झाल्यावर एका आयोगाच्या सदस्यपदासाठी अर्ज केलाय, उन्हाळ्यात मुलाखतही झाली. तेव्हापासून वाट बघतोय. सोमवारी सकाळी सगळ्या शर्टांना इस्त्री करून ठेवतो, कुठे जायचं नसतं तरी.

साहेब म्हणाले, तुमचं नाव जवळजवळ नक्की आहे. मग ताईंच्या डोळ्याची चौकशी. मग म्हणे, "और वो बिल... दीदी को इतनी जल्दी क्या है? ऊपर राष्ट्रपतिजी के पास भेज दें, या पड़ा रहने दें. उनका भी भला, आपका भी."

विजय हे सांगताना शर्टाची बटणं काढत होता. एकच बटण कितीतरी वेळ. "धमकी नव्हती गं. काळजीने बोलले."

खरं लिहायचं तर मलाही वाटलं, राहू दे ना पडून. कोणाचं काय बिघडतंय. विजयच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी जरा...

२२ नोव्हें., शनि.

नाश्त्याला विजयने विषय काढला. एस्तेर होती, तिच्यासमोरच.

"ताई, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही."

"नाही मागितलंस."

"सही करू नको म्हणत नाहीये मी. थांब म्हणतोय. जानेवारीपर्यंत. तूच म्हणालीस ना, तारीख नाही लिहिलेली?"

ताईंनी ब्रेड ताटलीत ठेवला. "तारीख घातली नाही विजू, कारण घटना लिहिणाऱ्यांना वाटलं, त्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला ती सांगावी लागणार नाही."

"कोण वागतंय आता तसं? सगळे..."

"सगळ्यांचं मला माहीत नाही."

विजय उठला. "तुझं ठीक आहे! तुला बंगला आहे, सलामी आहे, बँड वाजतो. मला सोमवारी उठून कुठे जायचं ते माहीत नसतं!"

हे तो माझ्याजवळही कधी बोलला नव्हता. दार आपटून गच्चीवर गेला. एस्तेरने मोबाइल उलटा करून ठेवला.

ताईंच्या झाकणाखालून पाणी यायला लागलं. मी कापूस घेऊन टिपायला गेले. "रडत नाहीये मी. थेंब झोंबतायत." सकाळचे थेंब अजून घालायचे होते. बरं म्हटलं.

२३ नोव्हें., रवि.

ताई काळा चष्मा लावून आमच्याबरोबर चर्चला. विजय दोन बाक मागे बसला.

दुपारी ताई गच्चीवर गेल्या, कॅप्टनला जिन्यातच थांबवून. विजय तिथे कुंड्या उगाच इकडच्या तिकडे करत होता. बराच वेळ दोघं वर. काय बोलले मला ठाऊक नाही. विजयने पुढे एवढंच सांगितलं, की ताई म्हणाली, यात तुझं नुकसान होईल कदाचित, ते मला कळतंय, आणि कळूनही मी हे करणार आहे. रागव माझ्यावर. आणि मग म्हणे तिने विचारलं, सोमवारी तू काय करतोस दिवसभर? आणि त्याने सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मधे एकदाही सल्ला दिला नाही.

"ताईने सल्ला दिला नाही!" हे त्याने मला दोनदा सांगितलं.

संध्याकाळी स्वतःहून गाडी काढली आणि कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या जुन्या सदनातून थालीपीठं घेऊन आला. येईपर्यंत गार. ताईंनी दोन खाल्ली.

२५ नोव्हें., मंगळ.

ताई गेल्या. सकाळी उठले तर विजय इस्त्री करत होता. ताईंची कोशाची साडी, पदरावर पातळ रुमाल घालून, जपून.

फाइल इथेच होती, पेनही होतं. मी विचारलं होतं, इथे का नाही करत सही? "भावाच्या जेवणाच्या टेबलावर नाही करायची गं. राजभवनात, सचिवांसमोर, दिवसाउजेडी. कोणाला वाटायला नको की दिल्लीत बसून काही ठरलं."

खाली सरदारजी हात जोडून उभे. "मैडमजी, फिर आना. गली साफ रहती है." ताईंनी त्यांना विचारलं, धंदा कसा आहे. त्यांनी खरंखुरं उत्तर दिलं, बरंच लांब. ताई उभ्या राहून ऐकत होत्या. विमानाची वेळ झाली म्हणून कॅप्टन चुळबुळ करत होता.

गाडीत बसताना मला म्हणाल्या, "तू छान वाचतेस. काही गाळत नाहीस."

घर फार मोठं वाटतंय.

२७ नोव्हें., गुरु.

ताईंनी सही केली.

दुपारी विजयला फोन. स्पीकरवर. "झालं, विजू."

विजयने खिडकीकडे बघितलं. "बरं केलंस." मग म्हणाला, "सही करताना डोळ्याला ताण पडला का?"

"नाही रे. सही काय, मिटल्या डोळ्यांनी येते."

आम्ही टाइप केलेला तो चार्जही त्यांनी मुख्यमंत्र्यांकडे पाठवला. उत्तर नाही.

फोन झाल्यावर विजय म्हणाला, चल, बाहेर जाऊ. कुठे, विचारलं तर माहीत नव्हतं. पायी बाजारात हिंडून आलो. त्याने मला स्वेटर घेऊन दिला, रंग माझ्या आवडीचा नाही. घालणार आहे.

२९ नोव्हें., शनि.

पेपर. एकात ठळक, राज्यपाल झुकल्या. मुख्यमंत्र्यांच्या पक्षाने मिठाई वाटली. एका चॅनेलवर दुसऱ्या बाजूचे कोणी म्हणत होते, कमजोर निघाल्या, अशी माणसं तिथे पाठवायचीच कशाला. दोन्हीकडून मार.

काल ऑफिसात शेजारच्या सेक्शनमधले गृहस्थ चहा घेता घेता म्हणाले होते, "आपकी ननद ने तो हथियार डाल दिए." किती काय काय तोंडाशी आलं. बादली, पाइप, पोहे, विजय. "उन्होंने दस्तख़त किए हैं," एवढंच म्हटलं आणि कप विसळायला गेले.

रात्रीच्या जेवणाआधी ताईंना फोन केला. पेपर वाचले का?

"वाचले. नवा चष्मा मस्त आहे, बारीक अक्षरही दिसतं. तू मेट्रोतून जाताना कान झाकतेस ना?"

४ डिसेंबर, गुरु.

कायदा प्रत्यक्ष लागू व्हायला अजून अवकाश आहे. तोवर कुलपती ताईच. काल महिला विद्यापीठाचा पदवीदान समारंभ, त्यांचा शेवटचा. इतक्या मुली की हात भरून आला म्हणाल्या. खालच्या रांगेतल्या एका मुलीची आजी मंचाजवळ येऊन ताईंच्या गालावरून हात फिरवून गेली, सुरक्षावाले बघत राहिले.

मुख्यमंत्रीही मंचावर होते, शेजारच्या खुर्चीत. सगळा वेळ समोर बघत बसले. राष्ट्रगीताला उभं राहायच्या आधी हळूच म्हणाले, "मैडम, वो ऊपर वाले हॉस्टल का पाइप... आदमी भेज दिया है. पहले विभाग को बोल के."

ताईंनी त्यांचे शब्द फोनवर जसेच्या तसे सांगितले.

"त्याने वाचलंय गं," मग म्हणाल्या. "सगळं वाचलंय."

आयोगाची यादी अजून लागलेली नाही. विजयचे जुने साहेब फोन उचलत नाहीत. विजय रोज वेबसाइट उघडतो. मी आत आले की बंद करतो.

९ डिसें., मंगळ.

कॅप्टनचा सकाळी फोन. मॅडम परवा दिल्लीत येतायत. वरून बोलावणं आलंय. कशासाठी? त्यालाही माहीत नाही, किंवा सांगता येत नाही. एस्तेरला कळवलं तर म्हणते, प्रमोशन असेल मम्मा, मोठं स्टेट देतील. विजय म्हणाला, "असं बोलावतात म्हणजे..." आणि चहाचे कप उचलून आत गेला.

दुपारी ताईंचा स्वतःचा फोन. मधे कोणी 'राजभवन से' म्हणालं नाही, सरळ त्यांचा आवाज. मी तरी उठून उभी राहिले.

"सुनंदा, मी तुमच्याकडेच उतरते."

"या ना, ताई. किती दिवस?"

"बघू. या वेळी सामान जरा जास्त आहे. पुस्तकंही आणतेय."

"म्हणजे ताई..."

"मला माहीत नाही गं. खरंच माहीत नाही. ते काय म्हणतात त्यावर." आवाज स्वच्छ, नेहमीसारखा. मग म्हणाल्या, दोन मुली भेटायला आल्यात, बाहेर बसल्यात, ठेवते.

आतल्या खोलीत गेले तर विजय लोखंडी कपाट उघडून उभा. त्याचे सगळे शर्ट तिथे, ओळीने.

"ताईसाठी रिकामं करू?"

मी कडेचा शर्ट हँगरवर नीट केला.

"अर्धं कर," म्हटलं.